फाटक्या शेपटीचा फायटर घरी आलाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत फायटर पाळायला लागल्यापासून मला मासे कमी आणि माशांबद्दलचे निरोप जास्त मिळालेत. निम्म्या निरोपांत एकच फोटो असतो: काचेवर मोबाईलचा फ्लॅश आणि मधोमध चिंधी झालेली शेपटी. खाली लिहिलेलं, ‘ताई, औषध सांगा.’ औषध सांगायच्या आधी मी उलट विचारते, ‘पाणी कुठलं घातलंय?’ आपल्याकडे एकाच घरात एकाच आठवड्यात नळाचं, बोअरचं, टँकरचं आणि जारचं असं चार तऱ्हेचं पाणी येतं. माणसं ते निभावून नेतात. माशाला ते झेपत नाही.

१. दुकानदार ‘फायटर’ म्हणतो, मोबाईलवर ‘बेट्टा’ दिसतं. दोन्ही एकच का?

एकच. मूळ थायलंडकडचा, भाताच्या खाचरांतला आणि उथळ, संथ पाण्यातला मासा. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. कल्ल्यांशिवाय डोक्यात आणखी एक श्वसनाचा अवयव असल्यामुळे तो वर येऊन हवा गिळतो. अधूनमधून वर आला तर घाबरू नका. सारखाच वर येऊन धापा टाकत असेल, तर मात्र आधी प्रश्न ६ वाचा.

२. कालच आणलाय आणि शेपटी फाटलेली दिसतेय. आजार आहे की नुसतीच फाटलीय?

मासा दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता, बाजूने बघा. चिरा सरळ असतील, कडेचा रंग बाकीच्या शेपटीसारखाच असेल आणि मासा खात-फिरत असेल, तर ती जखम आहे. पिशवीतला प्रवास, दुकानातला चहाच्या कपाएवढा डबा, शेजारच्या डब्यातल्या माशाला बघून दिवसभर फुगणं, एवढं त्याला पुरतं.

कड काळसर किंवा लालसर झाली असेल, झिजून वेडीवाकडी झाली असेल आणि रोज थोडी आत सरकत असेल, तर ती शेपटी सडतेय. हे काम जिवाणूंचं. ते पाण्यात असतातच. घाण पाण्याने किंवा थंडीने मासा खचला की त्यांचं फावतं.

तिसरा प्रकार म्हणजे रात्रीत अख्खा तुकडा गायब. त्यासाठी प्रश्न १६.

मोबाईलवर रोज एकाच वेळी, एकाच बाजूने फोटो काढून ठेवा. ‘वाढलंय का कमी झालंय’ हे डोळ्यांना दोन दिवसांनी आठवत नाही.

३. माझ्या फायटरच्या शेपटीचे धागे धागे लोंबतायत, पण दुकानदार म्हणतो जातच तशी आहे. फसवतोय का?

बहुतेक नाही. क्राऊनटेल जातीत शेपटीचे काटे पडद्याच्या पुढे आलेले असतात, फणीच्या दात्यांसारखे. सगळे दाते साधारण सारख्या अंतराने असतील तर जात तशी आहे. एकीकडे दाते आणि दुसरीकडे भगदाड असेल तर फाटलीय. अशी जात असूनही फाटू शकते, हे दुकानदार सांगत नाही.

४. पहिल्या दिवशी नक्की काय करू?

पिशवी टाकीच्या पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत घाला. असं चार-पाच वेळा झालं की मासा अलगद जाळीने टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, ती घाण आपल्याला नको.

त्या दिवशी खायला घालू नका आणि दिवा बंद ठेवा. घरातल्या पोरांना काचेवर टिचक्या मारू देऊ नका. आरसा दाखवून फुगवायची हौस शेपटी भरेपर्यंत बंद.

५. काचेच्या बाऊलमध्ये ठेवला तर चालणार नाही का? दुकानात तर एवढ्याशा डब्यात होता.

दुकानात तो राहत नव्हता, गिऱ्हाईकाची वाट बघत होता. किमान २० लिटर पाणी धरा. घरी पिण्याच्या पाण्याचा जो जार येतो, तो बरोबर तेवढाच असतो. तो बघितला की अंदाज येतो. टाकी मोजायची तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा, लिटर निघतात. उंच टाकीपेक्षा पसरट बरी, कारण लांब पंखांच्या माशाला हवेसाठी सारखं वर चढणं जड जातं.

वर झाकण हवंच. हा मासा उडी मारतो. हवेसाठी फट ठेवा, पण पाल आत येईल एवढी नको.

फाटक्या शेपटीवाल्यासाठी आत टोकदार काही नको. प्लास्टिकच्या झाडांवरून जुनी नायलॉनची ओढणी फिरवून बघा. धागा अडकला तर शेपटीही अडकणार. माझ्या पहिल्या फायटरची अर्धी शेपटी मीच हौसेने आणलेल्या प्लास्टिकच्या कमळाने नेली. फिल्टर स्पंजचा घ्या, पाण्याला ओढ कमी असते.

६. पाणी कुठलं घालू? नळाला आठ दिवसांनी येतं, मधे टँकर, नाहीतर बोअर.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि शेपट्या सडण्याचं मूळही बहुतेकदा इथेच सापडतं.

नळाचं पाणी: त्यात क्लोरीन असतं. उघड्या तोंडाच्या बादलीत २४ तास ठेवलं की बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानातलं अँटी-क्लोरीन बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. हौदात आठ दिवस साठलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, पण हौद कधी घासलाय तेही आठवा.

टँकरचं पाणी: यात ब्लिचिंग पावडर किती पडलीय ते कुणालाच माहीत नसतं. मी एकदा टँकर आल्याआल्या तेच पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत मासा वरच्या कोपऱ्यात तोंड उघडं टाकून होता, शेपटीची कड पांढुरकी. वास आला तर ते पाणी त्या दिवशी नाहीच. दोन दिवस उघडं ठेवून वर अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय मी आता टँकरचं पाणी वापरत नाही. गढूळ आहे म्हणून घरात कुणी तुरटी फिरवली असेल, तर ते पाणी माशाला देऊ नका.

बोअरचं पाणी: क्लोरीन नाही, पण जड. आपली जमीन काळ्या पाषाणाची. त्यातून झिरपलेल्या पाण्यात क्षार भरपूर असतात. नळाच्या तोटीला पांढरा थर बसतो तोच हा. फायटर थोडं जड पाणी चालवून घेतो, पण अल्कधर्मी पाण्यात माशाच्या विष्ठेतला अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी पाणी बदलायचा आळस अजिबात करू नये.

जारचं पाणी: आरओमधून गाळलेलं, त्यात क्षार जवळजवळ नाहीत. निव्वळ जारच्या पाण्यावर मासा ठेवू नका. अर्धं बोअरचं, अर्धं जारचं हे मिश्रण माझ्याकडे कित्येक वर्षं नीट चाललंय.

पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नका. आपल्याला ते आरोग्याचं, माशाला तांबं विष. रांजण चालतो, पण त्यातलं पाणी गार असतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

एकदा ठरवलेलं पाणी शक्यतो बदलू नका. सोमवारी बोअर, गुरुवारी टँकर, रविवारी जार असं झालं की चांगल्या माशाचीही शेपटी झिजायला लागते.

७. पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसतंय, तरी शेपटी का सडतेय?

अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. विष्ठा आणि उरलेल्या दाण्यांतून तो तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट थोडं असलं तरी मासा सोसतो, पहिले दोन शून्यच हवेत. हे चांगले जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात घर करतात आणि नव्या टाकीत त्यांना जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांचं काम तुम्ही पाणी बदलून करायचं.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही. क्लोरीनने ते जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच दोनदा पिळा. तपासणीच्या पट्ट्या मिळतात, पहिल्या महिन्यात त्या वसूल होतात.

८. पाणी किती आणि कधी बदलू? इथे माणसांना प्यायला नाही.

नवी टाकी किंवा सडलेली शेपटी असेल, तर दिवसाआड पाव भाग. २० लिटरच्या टाकीत ते ५ लिटर होतात. शेपटी भरली आणि टाकी रुळली की आठवड्यातून एकदा तेवढंच. सगळं पाणी एकदम ओतून टाकी घासून काढायची पद्धत आपल्याकडे फार आहे, ती मोडा. त्याने पाणी चकचकीत होतं आणि मासा हबकतो.

पाणी वाया जात नाही. टाकीतलं काढलेलं पाणी झाडांना खत आहे. माझी तुळस आणि कढीपत्ता त्यावरच उभे आहेत. फक्त त्यात मीठ नसावं (पुढचा प्रश्न). लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस आपण विसरलो नाही. तशी वेळ आली तर ५ ऐवजी ३ लिटर बदला, दाणे निम्मे करा. कमी खाल्लं की घाणही कमी.

९. मीठ घालतात म्हणे. घरचं चालेल का? किती?

मासा सुस्त आहे किंवा कड लाल आहे, तरच. साध्या चिरेला स्वच्छ पाणी पुरतं.

ॲक्वेरियमचं मीठ चांगलं. नाहीच मिळालं तर काही न मिसळलेलं जाडं मीठ. पाकिटातलं बारीक मीठ नको, त्यात ते मोकळं राहावं म्हणून आणखी काहीबाही घातलेलं असतं. प्रमाण: ४ लिटरला सपाट एक चहाचा चमचा, त्याहून जास्त नाही. मीठ मगभर टाकीच्या पाण्यात पूर्ण विरघळवा. अर्धं आज घाला, अर्धं उद्या. खडे थेट टाकले तर माशाच्या अंगावर चट्टे पडतात.

मीठ उडून जात नाही. पाव पाणी बदललं तर मीठही पावच घालायचं, पूर्ण माप पुन्हा नाही. सात ते दहा दिवसांत थांबा. आत खरी झाडं असतील तर मासा वेगळ्या डब्यात घेऊन उपचार करा.

१०. बदामाचं पान टाकायचं म्हणतात. कुठलं बदाम?

खायचं नव्हे, देशी बदाम. शाळेच्या आवारात, कचेरीच्या कंपाऊंडला छत्रीसारखं पसरलेलं असतं ते. थंडीत पानं लालभडक होऊन गळतात. दुकानात याच पानांची पाकिटं चांगल्या पैशाला विकतात, आपल्याकडे झाडूवाल्या मावशी ती गोळा करून जाळतात.

गळून वाळलेलं, तपकिरी पान घ्या. हिरवं तोडू नका. रस्त्याकडेचं धुरकट किंवा औषध मारलेलं नको. धुऊन उकळतं पाणी ओता, गार झालं की २० लिटरला एक पान. दोन दिवसांत पाणी फिक्या चहासारखं होतं. त्यातला टॅनिन पाणी किंचित आम्लधर्मी करतो आणि जिवाणूंना थोडा आळा घालतो. तीनेक आठवड्यांनी पानाची जाळी झाली की बदला. बोअरच्या जड पाण्यात परिणाम कमी जाणवतो. मी तरीही टाकते, कारण पानाच्या आडोशाला मासा शांत बसतो.

११. हळद लावू का? की मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून टाकू?

हळद नको. जखमेवर हळद हे आपल्या अंगात मुरलंय, पण पाण्यात ती ना जखमेवर टिकते ना पाणी साफ ठेवते. कल्ल्यांत मात्र जाते.

कॅप्सूल तर नकोच. अंदाजाने टाकलेलं प्रतिजैविक फिल्टरमधल्या चांगल्या जिवाणूंनाही मारतं. शिवाय टेट्रासायक्लिन पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधलं जातं, म्हणजे आपल्या बोअरच्या पाण्यात त्याचा जोर आणखी कमी. मिथिलीन ब्लू हे माशांचं निळं औषध मूळ टाकीत घालू नका, तेही त्याच जिवाणूंवर उठतं आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करतं.

आठ दिवस पाणी, ऊब आणि गरज असेल तर मीठ एवढं नीट करूनही कड आत सरकत असेल, तर पशुवैद्यकाला दाखवा. माशांचं बघणारे डॉक्टर कमी आहेत हे खरं. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय परभणीत आणि उदगीरला आहे. जवळ असाल तर तिथे विचारून बघा. जाताना फोटोंची ती रोजची मालिका घेऊन जा.

१२. हीटर लागतोच का? आपल्याकडे तर ऊन कमी नाही.

डिसेंबरात परभणीत पहाटे स्वेटर घालून दूध आणायला जाणाऱ्याने हा प्रश्न विचारू नये! दुपारी ३० अंश, पहाटे ८. लहान टाकीचं पाणीही त्याच झोक्यावर झुलतं. फायटरला २५ ते २८ अंश हवेत आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्थिर हवेत. थंड पाण्यात त्याची भूक, प्रतिकारशक्ती आणि शेपटीची वाढ, सगळं मंदावतं.

२०-२५ लिटरला ५० वॉटचा, आपोआप बंद होणारा हीटर आणि वेगळा थर्मामीटर. पाणी बदलताना आधी प्लग काढा, मग हात घाला. रात्री लाईट गेली तर टाकीला वाकळ गुंडाळा, वरून थोडी फट ठेवून. उकळतं पाणी ओतून ऊब द्यायची नाही.

१३. आणि मे महिन्यात? पाणी ३३ अंशांवर जातं.

३० पर्यंत काळजी नाही. त्यावर गेलं की जिवाणू झपाट्याने वाढतात आणि सडकी शेपटी भराभर आत सरकू शकते. टाकी खिडकीपासून आणि गच्चीखालच्या तापणाऱ्या भिंतीपासून हलवा. झाकणाऐवजी जाळी लावा, वरून पंख्याचा वारा येऊ द्या. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकू नका. कूलरचा झोत थेट काचेवर नको, रात्रीत पाणी फार गार होतं.

उडालेलं पाणी भरायला बोअरचं नको, जारचं घ्या. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. बोअरचंच भरत राहिलात तर महिनाभरात टाकी खारवते.

१४. खायला काय? चुरमुरे चालतील?

घाटावर माशांना चुरमुरे आणि कणकेच्या गोळ्या टाकतो, ते मासे वेगळे. फायटर मांसाहारी आहे. बेट्टाचे तरंगणारे दाणे सकाळ-संध्याकाळ दोन-तीन, आठवड्यातून एक दिवस उपास. शेपटी भरायला प्रथिनं लागतात, म्हणून अधूनमधून गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) द्या. पाच मिनिटांत न खाल्लेलं काढून टाका.

१५. कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या वळवळतायत. त्या दिल्या तर?

त्याचं मूळ अन्नच ते. पण कूलरमध्ये कुणी फिनेल, रॉकेल किंवा आरोग्य खात्याचं अळीनाशक टाकलंय का, ते आधी विचारा. टाकलं असेल तर नाही. कूलरमधल्या अळ्या साठवून वाढवायच्या नाहीत, डेंग्यूला निमंत्रण आहे. त्यापेक्षा गच्चीवर स्वच्छ पाण्याची छोटी बादली ठेवा आणि दर तिसऱ्या दिवशी न चुकता पूर्ण गाळून घ्या. एका वेळी पाच-सहा अळ्या पुरेत.

यातूनच हमखास पुढचा प्रश्न येतो: गप्पी सोबत ठेवू का? ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही पाटी वाचत आपण मोठे झालो, पण फायटरच्या टाकीत नको. गप्पीची झुपकेदार रंगीत शेपटी त्याला दुसरा फायटर वाटते. भांडणात दोघांच्याही शेपट्या जातात. बरा होईपर्यंत तो एकटाच बरा.

१६. पाणी चांगलं, ऊब चांगली, टाकीत दुसरं कुणी नाही, तरी सकाळी शेपटीचा अर्धचंद्र गायब!

स्वतःच चावतोय. हाफमून (अर्ध्या चंद्रासारखी पसरट शेपटी असलेली जात) अशा जड शेपट्यांच्या माशांत हे दिसतं. ओझं ओढून थकलेला किंवा कंटाळलेला मासा वळून घास घेतो. सडण्यात कड काळी पडते आणि हळूहळू जाते. चावण्यात कड स्वच्छ असते आणि तुकडा एका रात्रीत जातो.

फिल्टरचा जोर कमी करा, लपायला जागा द्या, काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर मागच्या बाजूला कागद लावा. काही मासे ही सवय सोडतच नाहीत. अशांच्या जखमेत जंतू शिरू नयेत एवढंच आपल्या हातात.

१७. घरात अगरबत्ती, डासांची कॉइल, बाहेर धूरफवारणी. माशाला काही होतं का?

होतं. तो वरची हवा गिळतो (प्रश्न १). देवघर टाकीपासून दूर, कॉइल दुसऱ्या खोलीत. गल्लीत फवारणीची गाडी आली की टाकी ओल्या कापडाने झाका आणि हवेचा पंप तासभर बंद करा. कापसावर, सोयाबीनवर फवारणी करून आलेल्याने त्या दिवशी टाकीत हात घालू नये, साबणाने धुतले तरी.

१८. मासा तळाशी आडवा पडलाय. गेला का?

फायटर पानावर, तळाशी, कधी फिल्टरच्या मागे अडकल्यासारखा झोपतो. दाणा टाकून बघा. घाई करायची ती अशा वेळी: खवले अननसासारखे उभे राहिले, अंगावर कापसासारखा पांढरा थर पसरला, किंवा सडणं अंगापर्यंत पोहोचलं. कापसासारखा थर तासातासाने वाढत असेल तर तापमान वाढवू नका, त्या आजाराला ऊब आवडते. थेट डॉक्टर.

१९. चार दिवस लग्नाला जायचंय. कुणाकडे देऊ?

कुणाकडेच नको. निघायच्या आदल्या दिवशी पाव पाणी बदला आणि उपाशी ठेवून जा. चार दिवस त्याला काही होत नाही. शेजारच्या काकूंनी प्रेमाने टाकलेले मूठभर दाणे जास्त धोक्याचे.

२०. शेपटी किती दिवसांत येईल? आणि नवी आली ती पांढरी का दिसतेय?

लहान चीर एक-दोन आठवड्यांत सांधते. मोठा भाग जायला दोन दिवस, यायला दीड-दोन महिने. शेपटी बुडापर्यंत गेली असेल तर तो भाग पुन्हा येईलच असं नाही.

कडेला पतंगाच्या कागदासारखी पातळ, पारदर्शक पट्टी दिसू लागली की समजा, वाढतेय. हिलाच बरेच जण बुरशी समजून औषध ओततात. बुरशी फुगीर आणि कापसासारखी, ही पट्टी सपाट आणि काचेसारखी. उजेडात धरून बघा, पलीकडचं दिसतं. रंग नंतर भरतो, कधी जुना, कधी वेगळाच. माझ्या निळ्याची शेपटी प्लास्टिकच्या कमळानंतर भरून आली ती कडेला तांबूस. पाहुणे विचारतात, ही कुठली जात?